रॅम बिघडली की लिनक्स कर्नल काय करतो, फाइलसिस्टीमचं काय होतं आणि आपण कुठल्या क्रमाने काय करायचं

लिनक्स सर्व्हर नव्याने हातात आलाय, फाइलसिस्टीम मधूनच रीड-ओन्ली होतेय, बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीम चेकसमच्या (डेटा बदलला का ते ताडायच्या आकड्याच्या) नावाने ओरडतेय, एखादी प्रोसेस सिगबस (मेमरीची जागा वाचता येत नाही असा कर्नलचा सिग्नल) खाऊन मरतेय आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच्या तब्येतीचा दिलेला अहवाल) मात्र एकदम स्वच्छ, अशी गत असेल तर हे तुमच्यासाठी. बहुतेक लोक अशा वेळी आधी डिस्क बदलतात, मग केबल बदलतात, मग फाइलसिस्टीमला शिव्या घालतात आणि सगळ्यात शेवटी रॅम तपासतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी रॅम, मग फाइलसिस्टीम, आणि रॅमचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही रिपेअर कमांडला हात लावायचा नाही.

रॅम खराब होणं ही दुर्मिळ गोष्ट आहे असं वाटत असेल तर २००९ साली गुगलच्या सर्व्हरवर झालेला अभ्यास आठवा, त्यात दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकवर एरर नोंदले गेले होते. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, त्याच्या मशीनची स्टिक २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन मर्ज विंडोत (नव्या कर्नलसाठी सगळ्यांचा कोड गोळा करायच्या दिवसांत) गेली आणि त्याला लॅपटॉपवर काम करावं लागलं. ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःचे एरर ओळखणारी रॅम, सगळ्यांना मिळाली पाहिजे म्हणून आधीच्या वर्षी इंटेलवर तोंडसुख घेणारा हाच माणूस!

कमांड आणि पाथ मी खाली देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायचे.

काय काय जवळ हवं

- मशीनवर रूट ॲक्सेस, आणि शक्य असेल तर बीएमसीचा, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचा लॉगिन (आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ, जे असेल ते)
- डीएमआयडीकोड, रासडेमन, आयपीएमआयटूल ही पॅकेजेस
- मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासणारा, स्वतःच बूट होणारा प्रोग्राम) टाकलेला पेनड्राइव्ह. ६.०० किंवा त्यानंतरचं व्हर्जन घ्या, जुनं ५.०१ यूईएफआयवर बूटच होत नाही
- मदरबोर्डचं मॅन्युअल, स्लॉटची नावं त्यातच नीट कळतात
- प्रयोगासाठी एक फालतू व्हीएम, ज्यातला डेटा उडाला तरी चालेल
- रॅमचं बिल. हसू नका, शेवटी लागतं

१. रॅम खरंच ईसीसी आहे का ते बघा

डीएमआयडीकोड (हार्डवेअरची माहिती छापणारी कमांड) चालवा आणि तिला टाइप १७ द्या. प्रत्येक स्टिकची टोटल विड्थ आणि डेटा विड्थ दिसते. डीडीआर४ मध्ये टोटल ७२ आणि डेटा ६४ असेल तर स्टिक ईसीसीची आहे, म्हणजे दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीसाठी जास्तीचे आहेत. साधं ईसीसी एक बिट फिरला तर दुरुस्त करतं आणि दोन फिरले तर फक्त ओळखतं, दुरुस्त करू शकत नाही. दोन्ही आकडे ६४ असतील तर साधी रॅम, मग थेट सातव्या पायरीवर गेलात तरी चालेल, पण चौथी आणि पाचवी वाचून जा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला डीडीआर५ चा. तिच्या जाहिरातीत ऑन-डाय ईसीसी असं छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं काम झालं. ते ईसीसी चिपच्या पोटात असतं, चिपने आतल्या आत काय दुरुस्त केलं ते प्रोसेसरला कळत नाही, आणि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट फिरला तर ते काहीच करत नाही. दुसरा सापळा रायझनसारख्या डेस्कटॉप प्लॅटफॉर्मचा, तिथे ईसीसी स्टिक लागते, मशीन चालू होतं, डीएमआयडीकोडमध्ये ७२ पण दिसतं, पण बोर्डाने ईसीसी चालूच केलेलं नसतं. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ईसीसी रॅम स्वस्तात आणून घरच्या सर्व्हरला लावणाऱ्यांनी हे हमखास तपासावं. त्याचा पुरावा पुढच्या पायरीत मिळतो.

२. ईडॅक आणि रासडेमन चालू करा

मेमरी कंट्रोलर जे एरर पकडतो ते कर्नलमधल्या ईडॅक ड्रायव्हरमार्फत आपल्यापर्यंत येतात. एएमडीसाठी एएमडी६४-ईडॅक, इंटेलच्या झिऑनसाठी पिढीप्रमाणे एसबी, एसकेएक्स किंवा आय१०एनएम-ईडॅक. ड्रायव्हर नीट लागला असेल तर /सिस/डिव्हायसेस/सिस्टीम/ईडॅक/एमसी या फोल्डरात एमसी०, एमसी१ असे कंट्रोलर दिसतात. फोल्डर रिकामं असेल तर ईसीसी बंद आहे किंवा ड्रायव्हर नाही, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुम्हाला एररचा पत्ता लागणार नाहीये.

मग रासडेमन टाका आणि सर्व्हिस एनेबल करा. तो कर्नलचे इव्हेंट ऐकतो आणि रेकॉर्ड ऑप्शन दिला तर एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये साठवतो, त्यामुळे रीबूटनंतरही इतिहास राहतो. जुन्या लेखांत एमसीईलॉग हे नाव वाचाल, ते आता जुनं झालं, त्याच्या मागे लागू नका. रोजच्या वापराला रास-एमसी-सीटीएल ही कमांड, तिला समरी किंवा एरर-काउंट ऑप्शन द्यायचा.

सापळा: पुष्कळ ब्रँडेड सर्व्हरवर फर्मवेअर स्वतःच एरर आधी गिळतो, ठराविक मर्यादा ओलांडली तरच ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो. ईडॅकचा आकडा शून्य म्हणून खुश होण्याआधी बीएमसीचा लॉग बघा, आयपीएमआयटूलला एसईएल लिस्ट दिली की येतो. कर्नल लॉगमध्ये अपेई, जेनेरिक हार्डवेअर एरर सोर्स असे शब्द दिसले की समजायचं, तुमचं मशीन या प्रकारातलं आहे.

३. लॉगमधली ओळ वाचायला शिका

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ईडॅक शोधा. ओळीत सीई असेल तर दुरुस्त झालेला एरर, यूई असेल तर न झालेला. पुढे कुठला सॉकेट, कुठला चॅनेल, कुठला डिम (म्हणजे रॅमची स्टिक), मग पेज आणि ऑफसेट असं येतं. कर्नल रॅम ठराविक आकाराच्या तुकड्यांत मोजतो, त्या तुकड्याला पेज म्हणतात; हा आकडा म्हणजे पेज फ्रेम नंबर, पूर्ण फिजिकल ॲड्रेस नाही. ॲड्रेस हवा असेल तर त्याला ४०९६ ने गुणा आणि ऑफसेट मिळवा, एक्स८६ वर पेज ४ केबीचं असतं म्हणून. हे लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत याच्यावरून लोक पडतात.

महिन्यातून एखादा सीई आला तर घाबरायचं कारण नाही. पण त्याच डिमवर, त्याच ॲड्रेसच्या आसपास परत परत येत असेल तर तो अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाचा प्रताप वगैरे नाही, हार्डवेअरच जातंय. वरच्या गुगलच्या अभ्यासात पण हेच निघालं होतं, एकदा एरर दिलेली स्टिक पुन्हा देण्याची शक्यता न दिलेल्या स्टिकपेक्षा कितीतरी पट जास्त.

यूईचेही प्रकार आहेत. मेमरी कंट्रोलरमध्ये पेट्रोल स्क्रबर म्हणून एक भाग असतो, तो मशीन चालू असताना सगळी रॅम हळूहळू वाचत फिरतो, बहुतेक सर्व्हरवर २४ तासांत एक फेरी असं सेटिंग असतं. त्याला खराब जागा सापडली तर अजून कुणी तो डेटा वापरलेला नसतो, कर्नलला निवांत आवरायला वेळ मिळतो. याउलट प्रोसेसर ती जागा वाचायलाच गेला आणि तिथे सापडलं तर मशीन चेक (प्रोसेसरने हार्डवेअर बिघडल्याची मारलेली हाक) तिथल्या तिथे, चालू असलेली इन्स्ट्रक्शन पुढे नेताच येत नाही. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरवर असं झालं की थेट पॅनिक, म्हणजे कर्नल सगळं मशीनच थांबवतो. झिऑन, एपिकसारख्या सर्व्हर प्रोसेसरवर मात्र कर्नलला संधी मिळते, आणि ती संधी तो कशी वापरतो ते पुढे.

४. खरा प्रश्न: ते पेज कोणाच्या वापरात होतं

लिनक्समध्ये हे काम मेमरी-फेल्युअर नावाच्या कोडमध्ये होतं, २००९ मध्ये २.६.३२ व्हर्जनला आला, त्यालाच हार्डवेअर पॉयझन किंवा एचडब्ल्यूपॉयझन म्हणतात. हा कोड डेटा परत आणत नाही. गेलेला बिट गेला. तो एवढंच बघतो की या ४ केबीच्या पेजची दुसरी चांगली प्रत कुठे आहे का, असेल तर गुपचूप तिथून घ्या, नसेल तर ज्याचा डेटा गेला त्याला सांगा किंवा मारा, बाकी मशीन चालू ठेवा.

यावरून चार प्रसंग होतात.

फाइलचं पेज आहे आणि क्लीन आहे, म्हणजे डिस्कवर तेच आहे. सगळ्यात सोपं. कर्नल ते पेज, पेज कॅशमधून (फाइल्सचा डेटा रॅममध्ये ठेवायच्या जागेतून) टाकून देतो, पुढच्या वेळी कोणी मागितलं की डिस्कवरून नव्या पेजमध्ये वाचतो. ॲप्लिकेशनला पत्ताही लागत नाही. लॉगमध्ये पेज क्लीन होतं, ड्रॉप केलं, साइड इफेक्ट नाही अशा अर्थाची ओळ आणि शेवटी रिकव्हर्ड.

प्रोसेसची स्वतःची मेमरी आहे, मॅलॉकवाली, म्हणजे ॲनॉनिमस. याची प्रत साधारणपणे कुठेच नाही. कर्नल त्या पेजचं मॅपिंग काढून तिथे विषाची खूण ठेवतो आणि प्रोसेस तिथे हात लावायला गेली की सिगबस. डीफॉल्ट असंच आहे, हात लावेपर्यंत कोणी मरत नाही. सिसकंट्रोलमधलं (कर्नलच्या सेटिंगमधलं) व्हीएम गटातलं मेमरी-फेल्युअर-अर्ली-किल १ केलं तर कळल्याबरोबर सिगबस जातो. प्रत्येक प्रोसेस आपल्यापुरतं पीआरसीटीएल कॉलने पण हे मागू शकते. व्हीएम चालवणारा क्यूईएमयू तसंच करतो, सिगबस स्वतः पकडतो आणि गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टीममध्ये) मशीन चेक टोचतो, म्हणजे अख्खी व्हीएम मरण्याऐवजी गेस्टच्या आतली एखादीच प्रोसेस मरण्याची शक्यता तयार होते. तुमचं ॲप मोठी मेमरी वापरत असेल, डेटाबेस किंवा कॅश सर्व्हर, तर सिगबसच्या हँडलरमध्ये ॲड्रेस मिळतो, तेवढाच भाग फेकून पुढे जाता येतं. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नलने स्वतःहून जोडलेलं मोठं पेज) असेल तर कर्नल आधी ते फोडून बघतो. ह्यूजटीएलबीचं (ॲपने मुद्दाम मागून घेतलेलं मोठं) पेज असेल तर एका छोट्या खराब जागेपायी ॲपच्या हातून अख्खे २ एमबी जातात, १ जीबीची पेजेस वापरत असाल तर १ जीबी. डेटाबेसवाल्यांनी हे आधीच मनात धरावं.

फाइलचं पेज आहे पण डर्टी, म्हणजे लिहिलंय आणि डिस्कवर अजून गेलं नाही. ही सगळ्यात अवघड जागा, तिला स्वतंत्र पायरी दिलीय.

आणि चौथं, कर्नलचं स्वतःचं पेज. स्लॅब, पेज टेबल, कर्नल स्टॅक, फाइलसिस्टीमचे मेटाडेटा बफर. इथे करण्यासारखं जवळजवळ काही नाही. लॉगमध्ये इग्नोर्ड किंवा फेल्ड दिसेल, त्या पेजवर खूण होते पण ते वापरातून निघत नाही, आणि कर्नलने ते वाचलं की पॅनिक. रीड सिस्टीम कॉलमध्ये पेज कॅशमधून युजरकडे कॉपी करणारा पण कर्नलच असतो, त्या कॉपीच्या मधे विष लागलं तर एक्स८६ वर पॅनिकचीच शक्यता मोठी. कॉपी-ऑन-राइटसारख्या काही जागा गेल्या काही वर्षांत सावरता येण्याजोग्या केल्या गेल्यात, सगळ्या नाही.

मेमरी-फेल्युअर-रिकव्हरी हे दुसरं सिसकंट्रोल शून्य केलं तर यातलं काहीच न करता प्रत्येक वेळी पॅनिक. क्लस्टरमध्ये जिथे दुसरा नोड तयार बसलाय तिथे मला हा पर्याय चुकीचा वाटत नाही, अर्धवट जगलेल्या मशीनपेक्षा सरळ मेलेलं मशीन सांभाळायला सोपं.

५. डर्टी पेज आणि एफसिंक

समजा तुमच्या ॲपने फाइलमध्ये राइट केलं, कॉलने यश सांगितलं, डेटा पेज कॅशमध्ये डर्टी पडलाय, डीफॉल्ट सेटिंगला साधारण ३० सेकंदांपर्यंत तो तसाच पडून राहू शकतो, आणि तेवढ्यात त्या पेजला विष लागलं. चांगली प्रत कुठेच नाही. कर्नल फाइलसिस्टीमला विचारून ते पेज कॅशमधून काढतो आणि त्या फाइलच्या मॅपिंगवर ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) अशी नोंद ठेवतो. पुढे कोणी एफसिंक (या फाइलचा डेटा आता डिस्कवर उतरव असा कॉल) केला की त्याला हा ईआयओ मिळतो.

आणि एकदाच मिळतो. तोच एफसिंक परत केला तर यश. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती फाइल वाचली तर कर्नल डिस्कवरून वाचून देणार आणि डिस्कवर जुना डेटा आहे. एरर नाही, सिगबस नाही, फक्त कालचा मजकूर. फाइल एमएमॅपने थेट आपल्या मेमरीत जोडून बसलेल्या प्रोसेसला सिगबस मिळेल, पण साधं रीड करणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून कोड लिहिणाऱ्यांसाठी: एफसिंकचा रिटर्न तपासा आणि ईआयओ आला तर परत एफसिंक करून बघू असं करू नका. राइट परत करा, आपल्या बफरमधून, किंवा लॉगमधून रीप्ले करा. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हीच गोष्ट डिस्क एररच्या निमित्ताने कळली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि २०१९ पासून पोस्टग्रेस एफसिंक फसला की डीफॉल्टने पॅनिक होऊन वॉलमधून (राइटच्या आधी लिहिलेल्या लॉगमधून) उठतं. रॅमच्या बाबतीतही तोच मार्ग शहाणपणाचा.

टीएमपीएफएसची (रॅममध्येच राहणाऱ्या फाइलसिस्टीमची) गोष्ट आणखी वेगळी होती, तिथे मागे डिस्कच नाही, पेज काढून टाकलं तर वाचणाऱ्याला चक्क शून्यं मिळायची. कर्नल ५.१६ पासून खराब पेज कॅशमध्येच ठेवतात आणि वाचायला गेलं की एरर देतात. सामायिक मेमरीवर चालणारे डेटाबेस जुन्या कर्नलवर असतील तर हे एक कारण अपग्रेडला पुरेसं आहे. डॅक्सवर (पेज कॅश टाळून थेट मेमरीसारख्या स्टोरेजवर) एक्सएफएस चालवणारे थोडे असतील, त्यांच्यासाठी ६.० पासून खराब जागा कुठल्या फाइलची ते एक्सएफएस रिव्हर्स मॅपिंगने शोधून संबंधित प्रोसेसना कळवतं.

६. व्हीएममध्ये स्वतः करून बघा, आणि खराब पेज बाजूला काढायला शिका

वाचून हे डोक्यात बसत नाही, एकदा करून बघाच. कर्नलमध्ये मेमरी-फेल्युअर कॉन्फिग चालू असलं पाहिजे, डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये बहुधा असतं. छोटा सी प्रोग्राम लिहा, रूटने चालवा:

- ४ केबीची फाइल बनवा, त्यात काहीतरी ओळखू येण्यासारखं लिहा आणि सिंक करा
- तिला शेअर्ड एमएमॅप करा आणि एकदा वाचा
- त्या ॲड्रेसवर एमएडव्हाइज कॉल करा, सल्ला एमएडीव्ही-एचडब्ल्यूपॉयझन
- परत वाचा. व्यवस्थित वाचलं जाईल, हा क्लीनचा प्रसंग
- आता प्रोग्राम नव्याने चालवा, यावेळी वाचण्याऐवजी मॅपिंगमध्ये नवा मजकूर लिहा आणि लगेच एमएडव्हाइज
- दुसऱ्या टर्मिनलवरून कॅट करा, जुना मजकूर येईल. मग प्रोग्राममध्ये एफसिंक करा, ईआयओ. परत एफसिंक करा, यश. शेवटी मॅपिंगला हात लावा, सिगबस

सापळा: फाइल टीएमपी फोल्डरात ठेवू नका. फेडोरासारख्या डिस्ट्रोत तो टीएमपीएफएस असतो आणि निकाल वेगळे येतात, मग तासभर डोकं खाजवत बसाल. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर ठेवा.

प्रत्येक वेळी /प्रोक/मेमइन्फो मधली हार्डवेअर-करप्टेड ही ओळ ४ केबीने वाढलेली दिसेल. सॉफ्टवेअरने टोचलेलं विष एचडब्ल्यूपॉयझन-इंजेक्ट मॉड्यूलच्या अनपॉयझन फाइलने काढता येतं, पण व्हीएम रीबूट करणं सोपं.

आता खऱ्या मशीनवर एका पेजवर सीई सारखे येतायत, अजून यूई झाला नाहीये, तर सॉफ्ट ऑफलाइन करायचं. एसटीत एखादं सीट मोडायला आलं की कंडक्टर प्रवाशाला दुसऱ्या सीटवर बसवतो आणि त्या जागी परत कोणाला बसू देत नाही, तसं. डेटा नव्या पेजवर जातो, कोणी मरत नाही. /सिस/डिव्हायसेस/सिस्टीम/मेमरी मधल्या सॉफ्ट-ऑफलाइन-पेज फाइलमध्ये ॲड्रेस लिहायचा. रासडेमन हे आपोआपही करू शकतो, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये पेज-सीई-थ्रेशोल्ड असतो, डीफॉल्ट २४ तासांत ५०. तुमच्या डिस्ट्रोच्या बिल्डमध्ये ही सोय चालू आहे का तेवढं बघून घ्या.

इथे लोक ज्यावरून पडतात ते हे: सॉफ्ट-ऑफलाइन-पेजला पूर्ण फिजिकल ॲड्रेस लागतो, पण इंजेक्टवाल्या करप्ट-पीएफएनला पेज फ्रेम नंबर लागतो. ईडॅकच्या ओळीतला पेज आकडा तसाच्या तसा सॉफ्ट-ऑफलाइनमध्ये टाकला तर कमांड आनंदाने यशस्वी होते आणि भलतंच निरोगी पेज बाजूला निघतं, खराब तसंच राहतं. हार्ड-ऑफलाइन-पेज ही शेजारची फाइल चुकूनही उघडू नका, ती डेटा न हलवता सरळ विष मानते.

आणि हे सगळं रीबूटपर्यंतच. मशीन परत चालू झालं की कर्नलला काही आठवत नाही, तेच पेज परत वाटपात येतं. म्हणजे ऑफलाइन करणं हा स्टिक येईपर्यंतचा जुगाड, इलाज नाही.

७. ईसीसी नसेल तर

इथे कर्नलला काही कळतच नाही, त्यामुळे वरचं काहीच होत नाही. बिट फिरतो, प्रोसेसर तो खरा मानतो आणि पुढे जातो. मेमटेस्ट८६प्लस रात्रभर चालवा, किमान चार पास तरी. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने पळवायचं सेटिंग) चालू असेल तर आधी तसंच चालवा आणि एरर आले तर प्रोफाइल बंद करून परत, कारण पुष्कळदा स्टिक चांगली असते, वेगच झेपत नसतो. मग एकेक स्टिक काढून, एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. मशीन बंद करता येत नसेल तर मेमटेस्टर हा युजरस्पेसमधला प्रोग्राम आहे, पण तो कर्नलने दिलेली मेमरीच तपासतो, कर्नल स्वतः जिथे बसलाय ती जागा नाही. त्यात पास झालं म्हणून रॅमला क्लीन चिट देऊ नका.

खराब ॲड्रेस ठरलेला असेल आणि नवी रॅम लगेच घेणं शक्य नसेल तर बूट पॅरामीटर मेममॅप वापरून तेवढा तुकडा राखीव ठेवता येतो: आधी आकार, मग डॉलर, मग सुरुवातीचा ॲड्रेस. ग्रब (कर्नल बूट करणारा प्रोग्राम) डॉलरला व्हेरिएबल समजून खाऊन टाकतो, त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतात, किती ते डिस्ट्रोवर अवलंबून. बूट झाल्यावर /प्रोक/सीएमडीलाइन मध्ये डॉलर जिवंत आहे का ते बघायचं, हाच खरा पुरावा. ग्रबची स्वतःची बॅडरॅम सेटिंग पण आहे. स्टिकची जागा बदलली किंवा नवी लावली की इंटरलीव्हिंग (ॲड्रेस स्टिक्समध्ये वाटून देण्याची पद्धत) बदलतं आणि सगळे ॲड्रेस सरकतात, तेव्हा परत मेमटेस्ट.

८. आता फाइलसिस्टीमकडे या

रॅम बदलली किंवा खराब स्टिक काढली, मेमटेस्ट स्वच्छ आला, मगच ही पायरी. खराब रॅमवर ई२एफएससीके (ईएक्सटी४ साठी) किंवा एक्सएफएस-रिपेअर ही दुरुस्तीची साधनं चालवणं म्हणजे दुरुस्तीचा प्रत्येक निर्णय त्याच खराब रॅममध्ये बसून घेणं, आणि ते निर्णय डिस्कवर लिहिले जातात. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला लावा, आधी पूर्ण इमेज घ्या.

पहिली फेरी नेहमी न लिहिणारी. ई२एफएससीके आणि एक्सएफएस-रिपेअर दोन्हींना एन ऑप्शन आहे. बीटीआरएफएसला रीड-ओन्ली स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम ताडणं). झेडएफएसला झेडपूल स्टेटस, व्ही ऑप्शनसकट, खराब फाइल्सची नावं देतो. बीटीआरएफएस चेकचा रिपेअर ऑप्शन शेवटचा, तोही बॅकअप घेतल्यावर.

दोष रॅमचा होता की डिस्कचा हे कळायला एक छान खूण आहे. एरर मेसेजमध्ये अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा दोन्ही असतील, म्हणजे आयनोड नंबर, की, ऑफसेट असलं काही, तर त्यांच्यातला फरक काढा. समजा २६१ पाहिजे होता आणि १०४८८३७ सापडला. फरक १०४८५७६, म्हणजे बरोबर २ चा २० वा घात, एकच बिट फिरलाय. डिस्क खराब झाली की साधारणपणे अख्खा सेक्टर वाचता येत नाही किंवा कचरा येतो, असा एकटा बिट फिरवून डिस्क गप्प बसत नाही. मात्र ही तुलना चेकसमच्या आकड्यांवर करू नका, एक बिट फिरला तरी चेकसम पूर्ण बदलतो, त्यातून काही कळत नाही.

चेकसम असलेली फाइलसिस्टीम आहे म्हणजे रॅमपासून संरक्षण आहे असं धरून चालणारे खूप भेटतात. चेकसम काढण्याआधीच बिट फिरला असेल तर चुकीच्या डेटाचा बरोबर चेकसम निघतो आणि स्क्रबला सगळं आलबेल दिसतं. मिरर असेल तर दोन्ही प्रती सारख्याच चुकीच्या. बीटीआरएफएसमध्ये कर्नल ५.२ पासून मेटाडेटा (फाइलसिस्टीमची स्वतःची नोंदवही) लिहिण्याआधी एक तपासणी होते, राइट टाइम ट्री ब्लॉक करप्शन असा मेसेज येतो आणि फाइलसिस्टीम रीड-ओन्ली होते. हा मेसेज दिसला की फाइलसिस्टीमवर चिडू नका, तिने डिस्कवर घाण जाण्यापासून वाचवलंय, सरळ मेमटेस्टचा पेनड्राइव्ह शोधा. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस मेटाडेटाचा चेकसम ठेवतात, तुमच्या फाइलमधल्या मजकुराचा नाही. त्यामुळे रॅम खराब असलेल्या काळात लिहिलेल्या फाइल्स जुन्या बॅकअपशी, पॅकेज मॅनेजरच्या व्हेरिफायशी किंवा गिटच्या एफएससीकेशी ताडून बघण्याला पर्याय नाही. आणि त्या काळात घेतलेले बॅकअपही संशयितच धरा, बॅकअपचा डेटा त्याच रॅममधून गेलाय.

९. स्टिक बदलून घेताना

बहुतेक कंपन्या रॅमला मोठी वॉरंटी देतात, पण नुसतं खराब आहे म्हणून ऐकत नाहीत. डीएमआयडीकोडमधला सीरियल नंबर आणि पार्ट नंबर, ईडॅक किंवा बीएमसीचा लॉग, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो आणि बिल, हे एकत्र ठेवा. दुकानातून जोडी घेतली असेल तर दोन्ही स्टिक मागतात, तेवढे दिवस मशीन कशावर चालवायचं ते आधी ठरवा.

काढण्यापूर्वी डिमचं लेबल मॅन्युअलशी जुळवा. ईडॅकला तुमच्या बोर्डाची लेबलं माहीत नसतील तर तो नुसता चॅनेल आणि स्लॉटचा आकडा सांगतो, आणि बोर्डवर ए१, ए२ छापलेलं असतं, त्यात शून्यापासून मोजायचं की एकापासून हा घोळ आहेच. रास-एमसी-सीटीएलला लेबलं एकदा नोंदवून दिली की पुढच्या वेळी नाव थेट येतं. खात्री नसेल तर सीरियल नंबर स्टिकरवर वाचून घ्या, चुकीची स्टिक परत पाठवली तर खराब तुमच्याकडेच राहते आणि दुकानदार म्हणतो चालतेय की.

नवी लावली की मेमटेस्ट, मग ग्रबमध्ये मेममॅप टाकला असेल तर तो काढा, नाहीतर चांगल्या रॅमचा तुकडा कायमचा बंद राहील. रासडेमनचा जुना डेटाबेस बाजूला ठेवून नवा सुरू करा, आणि पुढचा आठवडाभर एरर-काउंट रोज बघा. त्याच स्लॉटवर परत आकडा चढायला लागला तर स्टिक नाही, स्लॉट किंवा प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर, आणि मग बोर्ड काढून सॉकेटच्या पिना बघायची वेळ आलीय.